तीन जेवणांचा जन्म

गोचीड जन्मात तीनदाच जेवते. हे वाचल्यापासून पंगतीत वाढपी तिसऱ्यांदा जिलबी घेऊन आला की मला जरा ओशाळल्यासारखं होतं. अंड्यातून बाहेर पडल्यावर एक जेवण, वयात येण्याआधी एक आणि प्रपंच मांडताना एक, आणि प्रत्येक वेळी यजमान नवा. मधले महिने ती पाल्याच्या टोकाशी पुढचे पाय पसरून बसून असते. येणाऱ्याच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड तिला पायातल्याच एका इंद्रियाने कळतो. म्हणजे आपण रानात नुसता सुस्कारा टाकला तरी तिकडे पान मांडलं जातं. आमच्याकडे एकादशीला साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस आणि वर दाण्याचा लाडू खाऊन 'आज निरंकार' असं सांगणारी माणसं आहेत. त्यांच्यापेक्षा गोचिडीचा उपास खरा.

सगळ्याच गोचिडी अशा व्रतस्थ नसतात, काहींचं एकाच जनावरावर आयुष्य निघतं. मी म्हणतो ती पश्चिम घाटातली, हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा. एवढ्याशा जिवाला एवढं मोठं नाव ठेवणाऱ्यांना बारशाची फार हौस असणार. ज्ञानेश्वरांनी नवव्या अध्यायात गोचिडीला चांगलंच सुनावलं आहे: गाईचं दूध कातडीच्या एका पदराआड असताना हिला रक्तच हवं. दृष्टान्त म्हणून बिनतोड. पण गोचिडीचं वकीलपत्र कोणी घेतलंच, तर दूध पिऊन तिला अंडी घालता येत नाहीत, एवढं तरी त्याने कोर्टाच्या कानावर घालावं.

मला हा नाद लागला तो जोयडा तालुक्यामुळे. उत्तर कन्नड जिल्ह्याच्या या कोपऱ्यात काळी नदी उगम पावते, आणि याच नदीवरच्या धरणात पूर्वीचं सुपे गाव बुडालं. तालुक्याची कचेरी जोयड्याला गेली आणि बरीच माणसं रामनगरला. तिथे माझी मावशी असते. मावशीचं मराठी खानापूरचं, शेजारणीची कोंकणी, दुकानदाराची कन्नड आणि रानाची भाषा सगळ्यांना थोडी थोडी येते. तिच्याकडे बसून मी गोचिडीवरचा एखादा निबंध वाचू लागलो की ती म्हणते, "चावतंय ते चावतंय रे. त्याला एवढं वाचून दाखवलंस तरी सोडतंय काय?"

सोडत नाही, हे खरं आहे. माकडतापाची गोष्ट तिथूनच सुरू होते.

१९५७च्या मार्चमध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या सोरब तालुक्यात, क्यासनूरच्या राखीव जंगलात माकडं मरून पडू लागली आणि आसपासच्या गावांत माणसं तापाने फणफणू लागली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातली मंडळी धावत आली. हेच केंद्र पुढे राष्ट्रीय विषाणू संशोधन संस्था झालं. त्यांच्या पोटात गोळा आला तो वेगळ्याच कारणाने. माकडं मरतात आणि माणसांना ताप येतो, हे दक्षिण अमेरिकेतल्या पीतज्वराचं लक्षण, आणि पीतज्वराने आशियात कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. तपासाअंती पीतज्वर नाही असं निघालं, सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि मग कळलं की हा विषाणू जगात कोणीच पाहिलेला नाही. तो गोचिडीतून येतो, हेही लवकरच उमगलं. दरम्यान त्याने पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या कित्येकांनाही आडवं केलं. संशोधकाला संशोधनाचा विषयच चावतो, असं इतिहासात किंवा समीक्षेत सहसा घडत नाही. तिथे चावायचं काम संशोधकाकडे असतं.

नव्या विषाणूचे नातेवाईक शोधले तर ते निघाले रशियात. सैबेरियाचं नाव आलं मात्र, संशय गेला हिवाळी पाहुण्यांवर. पक्षीच पिसांत गोचिडी लपवून हा माल इकडे आणत असतील! आपल्याकडे काही बिघडलं की बाहेरून आलेल्यावर बोट दाखवायची रीत जुनीच आहे. पक्ष्यांना निदान पासपोर्ट विचारले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५९च्या सुमाराला पक्ष्यांच्या पायांत वाळे घालायला सुरुवात केली आणि सलीम अलींच्या हाताला मोठंच काम लागलं. पक्ष्यांवरचा आरोप काही शाबीत झाला नाही. पण कोणता पक्षी कुठून येतो आणि कुठे जातो याची जी माहिती जमली, ती आजही उपयोगी पडते. तापाच्या पैशातून पक्षिशास्त्राची सोय झाली. सरकारी खर्चाचा इतका सुंदर घोटाळा माझ्या ऐकण्यात दुसरा नाही.

खरा माल इथलाच होता, आणि तो कसा फिरतो हे पाहायचं तर गोचिडीची तीन जेवणं नीट पाहावी लागतात.

पहिलं जेवण पावसाळा सरल्यावर. तिळाहून बारीक, सहा पायांचं पिल्लू पाचोळ्यात बसलेलं असतं. उंदीर, चिचुंद्री, जमिनीवर चरणारा पक्षी, जो जवळून जाईल तो यजमान. यजमानाच्या रक्तात विषाणू असला तर तो पिल्लाबरोबर पुढच्या वयात जातो. दुसरं जेवण हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत. आता पाय आठ झालेले असतात आणि भूक माकडापर्यंत पोचलेली. टप्प्यात आपण आलो तर आपणही चालतो. नेमका हाच आपल्याकडचा रानात जायचा हंगाम. जानेवारीत जोयड्याला कुणबी समाजाचा कंदमुळांचा मेळा भरतो, कणंग, करांदे, माडी यांचे ढीग लागतात. गोठ्यासाठी आणि बागेसाठी पातेरा गोळा करायचा तो याच दिवसांत. लाकूडफाटा आणायचा तो याच दिवसांत. पुढे काजूच्या बिया वेचायला वाकायचं तेही याच दिवसांत. आपण आणि गोचीड दोघांनी एकच पंचांग धरलं आहे.

तिसरं जेवण पावसात. मोठी झालेली गोचीड मोठं जनावर शोधते: रानात गवा आणि सांबर, गोठ्यात गाय आणि म्हैस. जोयडा, हल्याळ, यल्लापूरच्या रानात गवळी धनगरांचे वाडे आहेत. महाराष्ट्राकडून घाटाच्या धारेने पिढ्यान्‌पिढ्या दक्षिणेला सरकत आलेली, म्हशींवर जगणारी, घरात आपल्या वळणाची मराठी बोलणारी ही माणसं. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९८२ मध्ये त्यांच्यावर लिहिलेला निबंध अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. म्हशीला माकडताप होत नाही, तिच्या रक्तात विषाणू टिकतही नाही. ती फक्त जेवू घालते. पण तिसरं जेवण मिळालं की मादी पाचोळ्यात हजारांच्या हिशेबाने अंडी घालते. बोशेल नावाच्या शास्त्रज्ञाने १९६९ मध्येच लिहून ठेवलं होतं की रान तोडून शेतं केली आणि गुरं आत चरायला सोडली, म्हणून हा रोग उसळला. हे वाचून म्हशीवर रागावण्यात अर्थ नाही. रानात वाट आपण पाडली, ती आपली आपल्यामागून चालत गेली.

हे सगळं शोधतात कसं? काठीला पांढरं फ्लॅनेलचं कापड बांधायचं आणि रानातल्या पाचोळ्यावरून ते ओढत चालायचं. भुकेल्या गोचिडी यजमान आला समजून कापडाला चिकटतात, मग चिमट्याने एकेक काढून कुपीत भरायची. मोठमोठ्या पदव्यांची माणसं भर दुपारी रानात कापड ओढत हिंडताना पाहून गावाला काय वाटत असेल? जोयड्यात तर काठी आणि कापड घेऊन कोणी फिरू लागलं की लोक आधी सावध होतात. मोजणीवाले आधी धरणासाठी येऊन गेले, मग वाघासाठी. दांडेलीचं अभयारण्य आणि अणशीचं उद्यान मिळून २००७ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला आणि २०१५ मध्ये त्याला काळी नदीचं नाव मिळालं. तेव्हा 'आम्ही गोचिडी मोजायला आलोय' असं कोणी सांगितलं तर त्यावर विश्वास बसायला वेळ लागणारच. मावशीच्या मते गोचिडीच मोजायच्या तर रानात जायची गरज नाही, तिच्या गोठ्यात यावं, चहाही मिळेल.

गंमत अशी की अलीकडचं संशोधन फिरून मावशीच्या गोठ्यापाशीच आलं आहे. इंग्लंडमधल्या आणि भारतातल्या शास्त्रज्ञांनी मिळून, आरोग्य आणि पशुवैद्यक खात्यांतल्या माणसांना सोबत घेऊन, २०२०मध्ये या रोगाचे नकाशे मांडले. धोका कुठे जास्त? जिथे सदाहरित रान आणि लागवड एकमेकांत मिसळली आहेत आणि देशी गुरं पुष्कळ आहेत तिथे. कोरड्या पानझडीच्या रानात कमी. वाघाला लागतं तसं घनदाट, निर्मनुष्य रान या रोगाला नकोच. थोडं रान, थोडी सुपारी, थोडा काजू, मधून एक पायवाट, कडेला गोठा. हे मी मावशीला समजावून सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे आमचं परसूच की!" संगणकावर एवढी गणितं घालून निघालेलं उत्तर इतक्या थोडक्यात मांडलेलं मी दुसरीकडे वाचलं नाही.

गोचिडीला सीमाप्रश्न ठाऊक नाही. बरीच वर्षं हा ताप शिमोगा आणि भोवतालच्या जिल्ह्यांपुरता मानला जाई. मग तो वायनाड आणि निलगिरीकडे दिसला, २०१५ मध्ये गोव्यात सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात, पुढे बांद्याकडे. सुपे, हल्याळ, कारवार कोणाचं यावर आपण महाजन अहवाल उघडून बसलो, आणि माकडतापाने पाच राज्यांत शाखा काढल्या. २०२४ मध्ये उत्तर कन्नड जिल्ह्यातच सिद्दापूर तालुक्यात त्याने माणसं नेली. तो माणसाकडून माणसाला लागत नाही, एवढी एक त्याची सभ्यता. पण ज्याला होतो त्याला अचानक जोराचा ताप, डोकं आणि अंग ठणकणं, कधी रक्तस्राव, आणि शंभरातले तीन ते पाच वाचत नाहीत. काहींना बरं वाटल्यावर आठ-पंधरा दिवसांनी ताप पुन्हा गाठतो. त्यावर नेमकं औषध नाही.

लस होती. महिन्याच्या अंतराने दोन टोचण्या, सहा ते नऊ महिन्यांनी तिसरी आणि मग वर्षाला एक. दोन टोचण्यांनी शंभरातल्या बासष्ट जणांचं रक्षण होई, तिसरी घेतली तर त्र्याऐंशी जणांचं. कागदावर ठीक. पण सुई दुखायची, आणि रोजंदारीवर जाणाऱ्या बाईने सुगीच्या दिवसांत मजुरी बुडवून पुन्हा पुन्हा दंड पुढे करावा ही अपेक्षा करणाऱ्याने कधी रोजंदारी केलेली नसावी. शेवटी लसच पुरेशी गुणकारी राहिली नाही म्हणून २०२२ मध्ये ती बंद झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नवी लस हाती घेतली आहे. ती येईपर्यंत अंगाला चोळायचं डेपा तेल आहे. संरक्षण खात्याच्या ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेने ते शोधलं आणि कर्नाटकाचं आरोग्य खातं ते वाटतं. सीमेवरच्या जवानाचं तेल पातेरा वेचणाऱ्या बाईच्या हातावर आलं, हे मला फार बरोबर वाटतं.

जोयड्यात चावणाऱ्या किड्याचा सूड घ्यायची एक रीत आहे. पानं शिवून झाडावर घर करणाऱ्या तांबड्या मुंग्यांची इथे आंबट-तिखट चटणी वाटतात. ओडिशातल्या मयूरभंजच्या तशाच चटणीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. गोचिडीच्या बाबतीत हा मार्ग बंद आहे, मावशीनेही कधी सुचवलेला नाही.

या सगळ्या विज्ञानात सर्वांत स्वस्त उपकरण कोणतं म्हणाल, तर मेलेलं माकड पाहून बोलणारा माणूस. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात आणि भोवतालच्या पाचोळ्यात नव्या यजमानाची वाट पाहतात. म्हणून आरोग्य खातं त्या जागेभोवती पन्नास फुटांपर्यंत गोचीडनाशक भुकटी टाकतं. पण त्यासाठी आधी कळायला हवं. आणि आपली रीत अशी की माकड मेलं म्हणजे मारुतीराय गेले. गाव गोळा होतं, कोणी हळदकुंकू वाहतं, कोणी शाल पांघरतं, मुलं पुढे घुसतात, दोघे जण उचलून खड्ड्यात ठेवतात. भावनेत काही खोट नाही. गोचिडीला मात्र एवढी मोठी पंगत एरवी मिळत नाही.

तेव्हा रानात किंवा परसात मेलेलं माकड दिसलं तर हात लावू नका, मुलांना आणि गुरांना तिकडे फिरकू देऊ नका, आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्रात किंवा वनखात्याच्या माणसाला सांगा. नमस्कार लांबूनच करा, मारुतीला चालतो.