ढगातलं बिऱ्हाड: नवशिक्यांसाठी सात पायऱ्या

हे मार्गदर्शन कोणासाठी आहे ते आधी सांगतो. धंदा छोटा, उत्साह मोठा आणि नात्यात एक 'कॉम्प्युटरवाला' भाचा, ही तीन लक्षणं जुळत असतील तर पुढे वाचा.

नमुन्यादाखल आमच्या मावसभावाचा आंब्याचा धंदा घेऊ. देवगडजवळ तीनशे कलमं. मार्चअखेर ते मेअखेर विक्री, उरलेले महिने झाडांची सेवा आणि हवामानाला शिव्या. भाच्याने त्याला वेब ॲप बांधून दिलं. गिऱ्हाईक पेटी निवडतं, पिन कोड टाकतं, यूपीआयने पैसे भरतं. ॲप तर झालं, आता ते ठेवायचं कुठे? "क्लाउडवर," एवढं बोलून भाचा पुण्याची गाडी पकडायला गेला.

पायरी 1: ढग ओळखा. वर बघू नका. क्लाउड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीतला दुसऱ्याचा कॉम्प्युटर, तासाच्या भाड्याने. ॲमेझॉनने 2006 साली साठवणीची जागा आणि कॉम्प्युटर असं दोन्ही भाड्याने द्यायला सुरुवात केली, मग मायक्रोसॉफ्ट आणि गूगलही या मैदानात उतरले. मावसभावाने विचारलं, "पावसाळ्यात गळत नाय ना?" गळत नाही. उलट पहिल्या वळवाला देवगडात लाइट गेली तरी मुंबईतला जनरेटर चालू असतो. भाडं द्यायचं ते यासाठीच.

पायरी 2: पत्ता निवडा. इंटरनेटवरचे धडे गिरवत गेलात तर तुमचं बिऱ्हाड नकळत अमेरिकेतल्या व्हर्जिनियात पडेल. मुंबईहून तिथे निरोप जाऊन परत यायला सेकंदाचा साधारण पाचवा हिस्सा लागतो. ऐकायला किरकोळ वाटतं, पण एक पान उघडायला असे कित्येक निरोप जातात. दादरच्या माणसाने मागवलेल्या देवगडच्या पेटीला अटलांटिक ओलांडायला लावण्याचं काही कारण नाही. ॲमेझॉनचा मुंबईतला मुक्काम 2016 पासून आहे, गूगलचा 2017 पासून. मायक्रोसॉफ्ट 2015 मध्येच आलं, आणि त्यांच्या यादीत 'सेंट्रल इंडिया' म्हणजे पुणे. भारताचा मध्य पुण्यात आहे हे पुणेकरांना अर्थातच आधीपासून माहीत होतं.

पायरी 3: खोलीचा आकार ठरवा. शेअर्ड होस्टिंग म्हणजे कॉट बेसिस. स्वस्त, पण शेजारी घोरला की तुमची झोप गेली. व्हीपीएस म्हणजे वन रूम किचन, भाडं ठरलेलं, झाडलोट तुमची. मॅनेज्ड प्लॅटफॉर्म म्हणजे जेवणासकट खोली. महाग, पण भांडी घासावी लागत नाहीत. मोठ्या कंपन्यांचा क्लाउड म्हणजे असा बंगला, ज्याच्या प्रत्येक नळाला वेगळा मीटर आहे.

या टप्प्यावर भाचा 'कुबरनेटीस' (यंत्रांचा अख्खा ताफा सांभाळणारी व्यवस्था) हा शब्द उच्चारेल. घाबरू नका, विचारा: "दिवसाला किती पेट्या?" चाळीस. चाळीस पेट्यांसाठी कुबरनेटीस म्हणजे पाच माणसांच्या सत्यनारायणाला केटरर आणि मांडव. दिवसाला काही शे ऑर्डर एक-दोन जीबी रॅमचं साधं यंत्र आरामात झेलतं.

आंबेवाल्याला क्लाउडचा खरा फायदा वेगळाच आहे. अक्षय्य तृतीयेच्या आठवडाभर आधी यंत्र मोठं करायचं आणि हंगाम सरला की लहान. हा बदल करताना यंत्र बहुधा काही मिनिटं बंद करावं लागतं, तेव्हा ते रात्री करा. सकाळी दहाला केलंत तर गिऱ्हाईक थेट फोन लावेल, आणि फोन नेमका तुमच्या आईने उचललेला असेल.

पायरी 4: भाडेपावती मोठ्याने वाचा. ढगात शिरायला तिकीट नाही, बाहेर पडायला आहे. डेटा आत नेताना फुकट, बाहेर नेताना गिगाबाइटमागे पैसे. मावसभावाने आंब्याचे वीस फोटो चढवले, प्रत्येक 5 एमबीचा, कारण "देठ स्पष्ट दिसायला हवा". पानाचं वजन झालं 100 एमबी. हजार माणसांनी पाहिलं की 100 जीबी, आणि ॲमेझॉनची महिन्याची मोफत हद्द तेवढीच. तेच फोटो 200 केबीचे केले की सगळं 4 जीबीत भागतं. देठ तरीही दिसतो.

पत्त्यालाही भाडं असतं. फेब्रुवारी 2024 पासून ॲमेझॉन प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही4 पत्त्यामागे तासाला अर्धा सेंट घेतं. थोडक्यात, दारावरच्या पाटीचं भाडं वेगळं. त्यावर 18 टक्के जीएसटी.

जूनमध्ये मावसभावाने यंत्र बंद केलं आणि निश्चिंत झाला. गणपतीत बिलं उघडली तर प्रत्येक महिना भरलेला. यंत्र बंद होतं, पण त्याची डिस्क, तो पत्ता आणि भाच्याने सरावासाठी चालू केलेला एक डेटाबेस तिन्ही भाडेकरू घरातच होते. म्हणून पहिल्याच दिवशी बजेटचा इशारा लावा. मात्र इशारा म्हणजे नुसती शिट्टी. शिट्टी वाजली तरी गॅस आपणच बंद करायचा असतो.

पायरी 5: नऊचा पाढा म्हणा. जाहिरातीत '99.9 टक्के चालू' असं लिहिलेलं असतं. उरलेला दशांश टक्का म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास. आणखी एक नऊ जोडलात तर 52 मिनिटं. ही मिनिटं मुहूर्त पाहून येत नाहीत. अक्षय्य तृतीयेच्या सकाळी आली तर भरपाई म्हणून पुढच्या बिलात सूट मिळते. पिकलेले आंबे त्या सूटीत बसत नाहीत.

मोठ्यांचंही बिघडतं. 28 फेब्रुवारी 2017 रोजी ॲमेझॉनमध्ये कोणाच्या तरी हातून एक आज्ञा चुकीची टाइप झाली आणि व्हर्जिनियातली साठवणसेवा काही तास कोलमडली. 'सेवा बंद आहे' हे सांगणारं त्यांचं स्वतःचं पानही त्याच साठवणीवर अवलंबून होतं, त्यामुळे ते बराच वेळ सगळं आलबेल दाखवत राहिलं. म्हणून पेटीवर व्हॉट्सॲपचा नंबर छापा. अगदी मोठा छापा.

पायरी 6: दुसरी प्रत दुसऱ्या गावी ठेवा. 10 मार्च 2021 रोजी फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर जळून खाक झालं. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांची मूळ प्रतही गेली आणि नक्कलही. तुमची नक्कल दुसऱ्या शहरात आणि दुसऱ्या खात्यात हवी. आणि ती वर्षातून एकदा उघडून बघा. बरणी भरलेली आहे एवढ्यावर लोणचं टिकलंय असं समजू नये.

पायरी 7: किल्ली कोणाच्या खिशात आहे ते तपासा. आमच्याकडे सहाही पायऱ्या नीट पार पडल्या. मग यंदा हंगामाच्या तोंडावर कार्डाची मुदत संपली आणि लॉगिन करायची वेळ आली. खातं भाच्याच्या कॉलेजच्या ईमेलवर, डोमेन भाच्याच्या नावावर, ओटीपी भाच्याच्या बंद झालेल्या नंबरवर, आणि भाचा जर्मनीत. मुंबई की पुणे, व्हीपीएस की क्लाउड, यावर आम्ही दोन महिने खल केला होता. बिऱ्हाड कोणाच्या नावावर आहे हे कोणी विचारलंच नव्हतं.

आता खातं धंद्याच्या ईमेलवर आहे, डोमेनही. पेट्या भरायच्या पडवीत भिंतीवर एक कागद चिकटवलाय: बिलाची तारीख, बॅकअपचं गाव, डोमेनची मुदत. पासवर्ड तिथे नाही, तो वहिनीकडे. आणि सगळ्यात खाली मावसभावाच्या अक्षरात: "भाचा. आपल्या साडेअकराला तिकडे आठ वाजतात. आधी फोन करू नये."