सांग तुझ्या आजीला

आमच्या घरात माणसं एकमेकांशी थेट फारसं बोलत नाहीत. भांडण वगैरे नाही, ते खातं कुत्र्यांकडे आहे इतकंच. "बर्फी, तुझ्या आजोबांना सांग, चहा गार होतोय." "हवालदार, तुझ्या आजीला म्हणावं, होत नाहीये, झालाय." बर्फी लॅब्रॅडॉर, रीतसर घरी आणलेली. हवालदार गावठी. तो मूळचा सोसायटीच्या गेटवरचा. खाकी रंग, दिवसा झोप, रात्री गस्त, यावरून नाव पडलं. एका पावसाळ्यात त्यानं आपली बदली आपणच आमच्या दुसऱ्या मजल्यावर करून घेतली. निरोप्याच्या कामाला दोघांची ना नसते, कारण निरोप देणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा बिस्किट असतं.

मी कर सल्लागार, ऑफिस घरातच. त्यामुळे जुलैचा शेवटचा आठवडा आमच्याकडे कसा जातो ते विचारू नये. २०२४ चा तर नाहीच. २३ जुलैला अर्थसंकल्प झाला आणि ज्यांनी सरलेल्या वर्षाचे कागद अजून दिले नव्हते, ते येत्या वर्षाच्या काळजीनं फोन करू लागले. "मॅडम, घर विकलं तर इंडेक्सेशन मिळणार नाही म्हणे?" तुम्ही घर विकताय का? "छे हो. पण समजा." एकानं विचारलं, कुत्रा अवलंबून असलेल्यांत दाखवता येईल का. मी सांगितलं, आरोग्य विम्याच्या सवलतीच्या कलम ८०डीमध्ये नवरा-बायको, अवलंबून असलेली मुलं आणि आई-वडील बसतात, कुत्रा बसत नाही. तो फक्त आमच्या सोफ्यावर बसतो. उलट पशुखाद्यावर जीएसटी शून्य आणि कुत्र्याच्या पाकीटबंद खाण्यावर १८ टक्के, हे सांगितल्यावर ते गृहस्थ इतके हळहळले की मला वाटलं आता गायच पाळतात.

गुरुवारी, २५ तारखेला, पावसानं कहर केला. शाळांना सुट्टी दिली, खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या नदीकाठच्या सोसायट्यांत ते शिरलं. तिथे तळमजल्यावर नवऱ्याची आत्या राहते. दुपारी ती आमच्या दारात उभी राहिली, एका हातात औषधांची पिशवी आणि दुसऱ्या हातात छोटू. छोटू हा पॉमेरेनियन. आत्या सुखरूप आली म्हणून आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, देवापुढे साखर ठेवली. ती छोटूनं खाल्ली.

मग नात्यांचा हिशेब सुरू झाला. आत्या छोटूला मुलगाच मानते. म्हणजे आमचे बाबा, माझे सासरे, त्याचे मामा, माझा नवरा मामेभाऊ आणि बर्फीला तो काका. तीस किलोची बर्फी आपल्या पाच किलोच्या काकांना हुंगायला गेली, तर काका तिच्या नाकावर धावून आले. तेव्हापासून ती त्यांना वचकून असायची. हवालदारानं मात्र त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि पंख्याखाली जाऊन झोपला. भाडेकरू येतात-जातात, ही गेटवरची जुनी समज.

पावसाळ्यात कुत्रं फिरवणं म्हणजे काय, हे ज्याच्याकडे मांजर आहे त्याला कळायचं नाही. लॅब्रॅडॉरच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचा तेलकट, त्यामुळे पाणी आत मुरत नाही. हे गुण परदेशातल्या कोळ्यांच्या कामाचे असतील. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये ते न मुरलेलं पाणी भिंतीवर येतं. बर्फी आधी डोकं झटकते, कान फटाफट वाजतात, मग ती लाट मानेवरून पाठीवर, पाठीवरून कमरेत जाते आणि शेवटी शेपूट उरलंसुरलं वाटून टाकते. त्या आठवड्यात एका साहेबांच्या फॉर्म १६ वर असं वाटप झालं. हवालदाराची तऱ्हा वेगळी. उघड्यावर जन्म काढलेला हा गडी आता शेवटच्या पायरीवर एक पाय वर धरून उभा राहतो आणि माझ्या मुलाकडे असं बघतो, की पाऊस त्यानंच लावलाय. मुलगा दहावीत. एरवी उठवावं लागतं, पण त्या आठवड्यात कुत्री फिरवायला आपणहून तयार असायचा. समोर बीजगणित असलं की कुत्र्यांवरचं प्रेम कसं उफाळून येतं, हा अभ्यासाचा विषय आहे. घरातले सगळे टॉवेल दोरीवर, दोरी बैठकीत, आणि बैठकीत माझे अशील.

नवऱ्याच्या ऑफिसात कसलंसं नवं सॉफ्टवेअर चढवायचं होतं. तो स्वयंपाकघरातून कॉल घ्यायचा, मी बेडरूममधून. मधल्या पॅसेजमध्ये निरोप्ये. "बर्फी, बाबाला सांग, कुकर बंद कर." नवऱ्याचा माइक चालू असल्यामुळे हे सिंगापूरपर्यंत गेलं आणि कुकर चालूच राहिला. इकडे मी ओटीपीच्या मागे. ओटीपी येतो तेव्हा अशील हमखास आंघोळीला गेलेला असतो. तो बाहेर येतो तेव्हा ओटीपीची मुदत संपलेली असते. एकदाचे दोघं जुळले, आकडा सांगायला अशिलानं तोंड उघडलं, आणि खाली दूधवाला आला. तिन्ही कुत्री एकदम. "मॅडम, तुमच्याकडे काही झालंय का?"

आत्या आणि बाबा सख्खे बहीण-भाऊ. पहिल्या दिवशी गळ्यात गळे, शनिवारपासून छोटूमार्फत. "छोटू, मामाला विचार, हा पंखा पाचवर कशाला लागतो?" बाबा पेपरातून मान न काढता म्हणाले, "हवालदार, पाहुण्यांना सांग, शाल आहे."

बुधवारी ३१ तारीख, विवरणपत्रांचा शेवटचा दिवस. त्या एका दिवसात देशभरात जवळजवळ ७० लाख विवरणपत्रं भरली गेली, असा आकडा नंतर जाहीर झाला. त्यातली माझी मूठभर, पण रात्री दहाला मी लॅपटॉप मिटला तेव्हा ७० लाख मीच भरल्यासारखी मान धरली होती. तेवढ्यात आई बर्फीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "बर्फी, तुझ्या आईला सांग, आजीचं रिटर्न राहिलंय."

पंधरा दिवसांपूर्वी मी विचारलं होतं, तेव्हा "माझं मेलीचं कसलं उत्पन्न" म्हणून त्यांनीच उडवून लावलं होतं. आता निघालं की एका बँकेतल्या ठेवीचं व्याज ५० हजारांवर गेलं, १५एच फॉर्म भरला नाही आणि बँकेनं टीडीएस कापला. "बर्फी," मी म्हटलं, "आजीला सांग, त्यांचं उत्पन्न करपात्र नाही, दंड लागत नाही, ३१ डिसेंबरपर्यंत भरता येतं, रिफंडही मिळतो."

"बर्फी, तिला सांग, आपल्या घरात मुदत टळल्यावर काही केलं जात नाही."

उघडला लॅपटॉप. आकडे आयतेच भरलेले होते, पाच मिनिटांचं काम. पण पडताळणीचा ओटीपी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येणार, आणि आईंच्या आधारला नंबर बाबांचा. बाबा उशीखाली फोन ठेवून झोपतात. आई म्हणाल्या, "राहू दे मग, डिसेंबरातच भरू." हा बदल मला तेव्हाच खटकायला हवा होता, पण मुलगा एव्हाना आजोबांना उठवून घेऊन आला होता. बाबांनी चष्मा लावला, ओटीपी वाचून दाखवला, आणि मग सवयीनं स्क्रीनकडे वाकून व्याजाचा आकडा वाचला. पुन्हा वाचला. ठेव किती असेल याचा हिशेब त्यांनी मनातल्या मनात केला असावा. ते चाळीस वर्षं हिशेब खात्यात होते.

"हवालदार," ते सावकाश म्हणाले, "विचार तुझ्या आजीला, ही ठेव कधीची? आणि पैसे कुठले?"

हवालदारानं आईंकडे पाहिलं. आत्यानंही पाहिलं, तिला तर झोपच नव्हती. आईंनी कुठल्याच कुत्र्याचं नाव घेतलं नाही.

"अहो," त्या म्हणाल्या, "तुम्ही झोपा बघू."