एक म्हैस, चौरस आहार

मोठ्याचं मटण आणि दूधदुभतं यांतून रोजचा पौष्टिक आहार कसा जमवावा, याची ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीकरांसाठी एक शास्त्रशुद्ध मार्गदर्शिका असायला हवी. ती लिहायला कुणी धजत नाही, कारण पाककृतीची सुरुवात 'साहित्य' या शब्दाने होते आणि इथे साहित्य आणायला पिशवी उचलण्याआधी कायद्याचं पुस्तक, महापालिकेचं परिपत्रक आणि सोसायटीची नियमावली उघडावी लागते. तरी होतकरू गृहस्थांनी आणि गृहिणींनी नाउमेद होऊ नये. कल्याण पश्चिमेत दूधनाकाही आहे आणि बैलबाजारही आहे. गोठ्याच्या दोन्ही बाजू या गावाने नावानिशी जपल्या आहेत. आपल्याला फक्त त्या एका ताटात आणायच्या आहेत.

पायरी पहिली, जनावर निवडणे. 1976 च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्याने गाय यादीतून वगळली. 1995 मध्ये विधिमंडळाने त्यात दुरुस्ती केली, ती लोणच्यासारखी वीस वर्षं मुरली आणि 2015 मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळून बैल आणि वळूही गेले. नियम मोडला तर पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड, तेव्हा या पायरीवर कल्पकता दाखवू नये. उरली म्हैस. ती दुधाच्या, विण्याच्या किंवा कामाच्या उपयोगाची राहिलेली नाही असा अधिकाऱ्याचा दाखला मिळाला, की तिचा मार्ग मोकळा होतो. 30 सप्टेंबर 2024 रोजी राज्य सरकारने देशी गाईला 'राज्यमाता-गोमाता' घोषित केलं. म्हशीला किताब नाही, दाखला आहे. वास्तविक ज्ञानेश्वरांनी वेद वदवले ते रेड्याच्या मुखातून, अशी महाराष्ट्राची श्रद्धा आहे. कल्याणहून माळशेज घाट चढून नगरच्या रस्त्याला लागलं की आळेफाट्याजवळच्या आळे गावात त्या रेड्याची समाधीही आहे. पण वेद म्हणून दाखवले तरी रेड्याच्या जातीला बढती मिळाली नाही, हे लक्षात ठेवून पुढच्या पायरीकडे वळावं.

पायरी दुसरी, हिशेब समजून घेणे. ही पायरी बहुतेक पाककृतींत नसते, आणि पदार्थ बिघडतो तो इथेच. दूध देण्यासाठी म्हैस व्यावी लागते. व्याली की पारडू येतं आणि साधारण निम्मी पारडी नर असतात. नर दूध देत नाही, आणि ट्रॅक्टर आल्यापासून ओढकामालाही त्याला कुणी विचारत नाही. शहरी तबेल्याचं गणित तर आणखी रोखठोक असतं. ताजी व्यालेली मुऱ्हा नाहीतर जाफराबादी आणायची, साधारण दहा महिने दोहायची आणि आटली की चाऱ्याचा खर्च धरून निर्णय घ्यायचा. पुन्हा गाभण ठेवायला गावी पाठवणं परवडलं तर ती वाचते. नाही परवडलं तर ती भाकड ठरते, आणि भाकड म्हशीला गिऱ्हाईक एकाच धंद्यात मिळतं. म्हणजे डोंबिवलीतल्या दारावर पहाटे लटकणारी दुधाची पिशवी आणि दुपारी कागदात गुंडाळून दिलेलं मोठ्याचं मटण हे एकाच जमाखर्चाचे दोन रकाने आहेत. एका रकान्याला आपण सात्त्विक म्हणतो आणि दुसऱ्याकडे पाहून नाक मुरडतो. म्हशीच्या दुधाच्या किमतीत तिच्या शेवटच्या विक्रीचे पैसे धरलेले असतात. ती विक्री थांबली, तर दुधाचा भाव आपल्या भावनांचा विचार करणार नाही.

पायरी तिसरी, प्रमाण. राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. दिवसाला दोन हजार उष्मांकांच्या त्यांच्या ताटात 300 मिलिलिटर दूध किंवा दही, डाळी-अंडी-मांस मिळून 85 ग्रॅम, भाज्या 400 ग्रॅम आणि तेल-तूप 27 ग्रॅम असं वाटप आहे. आता गंमत पाहा. फुल क्रीम दुधात सहा टक्के स्निग्धांश असतो, म्हणजे 300 मिलिलिटरमध्ये सुमारे अठरा ग्रॅम. टोन्डमध्ये तीन टक्के, म्हणजे नऊ. उलट म्हशीच्या चरबी काढलेल्या कच्च्या मांसात प्रथिनं वीस टक्क्यांच्या आसपास आणि चरबी जेमतेम दीड-दोन टक्के. कोलेस्टेरॉलच्या भीतीने मटणाच्या दुकानावरून मान वळवून जाणारा आणि घरी येऊन साय घोटून भाकरीवर घेणारा माणूस भलत्याच आरोपीला शिक्षा देत असतो. बी-12 जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही. मांसातलं लोह पालेभाजीतल्या लोहापेक्षा सहज शोषलं जातं, आणि पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आहेत. शरीराच्या बाजूने पाहिलं तर संकोच करण्याजोगं यात फारसं नाही.

पायरी चौथी, प्रत्यक्ष कृती. मटण लहान तुकड्यांत, चरबी काढून घ्यावं. हळद, मीठ, आलं-लसूण चोळून अर्धा तास ठेवावं. कांदा तेलात लाल होऊ द्यावा, त्यावर भाजलेल्या खोबऱ्याचं वाटण, मग मटण, आणि कुकरला शेळीच्या मटणापेक्षा चार शिट्ट्या जास्त. म्हशीने आयुष्यभर कष्ट केलेले असतात, ते दोन शिट्ट्यांत मऊ होत नाहीत. सोबत ज्वारीची भाकरी, वाटीभर कोशिंबीर आणि लिंबाची फोड. लिंबू शोभेला नाही, ताटातल्या भाकरी-भाजीचं लोह त्याच्या आंबटपणाने अंगी लागतं. चहा जेवणाआधी आणि नंतर तासभर घेऊ नये, कारण तो लोहाची वाट अडवतो. दूध त्या जेवणात न घेता निजताना किंवा सकाळी घ्यावं, कारण कॅल्शियमही लोहाच्या आड येतं. फ्रीज नसलेल्या काळात मराठवाड्यात मांसाच्या पट्ट्या उन्हात वाळवून चान्या करून ठेवत. शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या 2015 च्या पुस्तकात या स्वयंपाकाची सविस्तर नोंद आहे. ज्या वर्षी सरकारने बैल बंद केला, त्याच वर्षी हे पुस्तक आलं.

पायरी पाचवी, दिवस आणि डबा. ऑगस्ट 2025 मध्ये कल्याण-डोंबिवली महापालिकेने स्वातंत्र्यदिनी चोवीस तास कोंबडी, शेळी-मेंढी आणि मोठ्या जनावरांच्या मांसाची दुकानं बंद ठेवायचा आदेश काढला आणि 1988 च्या ठरावाकडे बोट दाखवलं. स्वातंत्र्याच्या दिवशी काय खायचं याचं स्वातंत्र्य नाही, ही विसंगती सांगायला विडंबनकाराची गरज उरली नाही. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनीही नापसंती नोंदवली. डब्याची गोष्ट मात्र थट्टेची नाही. ऑगस्ट 2024 मध्ये मुलीला भेटायला कल्याणला निघालेल्या एका वृद्धाला रेल्वेच्या डब्यात सहप्रवाशांनी मारहाण केली, कारण त्याच्या बरणीतलं मांस गाईचं असल्याचा त्यांना संशय आला. कोणत्याही पाककृतीत 'डबा लपवून न्यावा' अशी टीप लिहावी लागू नये.

आता शंकासमाधान. 'आम्ही फक्त गाईचं दूध घेतो,' असं म्हणणाऱ्यांनी गोऱ्ह्याचं काय होतं ते विचारावं. 2015 पासून गोऱ्हे मोठे झाले तरी कत्तलीसाठी विकता येत नाहीत, पण त्यांचं जन्माला येणं कायद्याने थांबलेलं नाही. ते पोसण्याचा खर्च शेतकऱ्याच्या अंगावर पडतो किंवा ते रस्त्यावर येतात. 'तांबडं मांस कर्करोगाला निमंत्रण देतं,' ही शंका रास्त आहे. ऑक्टोबर 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस निश्चित आणि तांबडं मांस संभाव्य कारणांच्या गटात टाकलं. म्हणून आठवड्याला शिजवलेलं साडेतीनशे ते पाचशे ग्रॅम ही मर्यादा पाळावी आणि सॉसेजच्या वाटेला जाऊ नये. मात्र ही शंका शेळीच्या मटणालाही लागू आहे, ती रविवारच्या रांगेत उभं राहूनही काढावी. 'भावनांचं काय?' हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. ज्याला गाय पवित्र, त्याने ती खाऊ नये. ज्याला जीवहत्याच नको, त्याने दूधही सोडावं आणि बी-12 ची गोळी घ्यावी. दोन्ही सोडणाऱ्याचं तर्कशास्त्र चोख आहे, त्याला या मार्गदर्शिकेचा नमस्कार. अडचण आहे ती खरवसावर ताव मारून शेजाऱ्याच्या कुकरचा वास मोजणाऱ्याची. गाय हा उपयुक्त पशू आहे, देव नव्हे, असं सावरकरांनी लिहून ठेवलं आहे, आणि डोंबिवलीत त्यांचं नाव घेणाऱ्यांची वाण नाही. कायद्याचं म्हणाल तर 6 मे 2016 रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेरून आणलेलं असं मांस जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम खासगीपणाच्या हक्काखाली रद्द केलं. त्या खंडपीठावरच्या न्यायमूर्ती अभय ओक यांची वकिली ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात सुरू झाली होती, एवढी ठाणेकरांनी नोंद घ्यावी.

तेव्हा निष्कर्ष सोपा आहे. दूध माफक, मांस त्याहून माफक, भाजी भरपूर, चहा तासाभराने. यातलं काय खायचं आणि काय नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. ज्यांच्या घरी मोठ्याचं शिजत नाही, पण दुधाची पिशवी रोज फुटते, त्यांच्यासाठी शेवटची कृती मात्र वेगळी आहे. लोकलमध्ये किंवा ऑफिसात शेजारी कुणी डबा उघडला, तर आत कुठलं जनावर आहे ते विचारू नये. आपल्या डब्यातली लिंबाची फोड पुढे करावी.