कुणाचाच दोष नसलेला रस्ता

आमच्या गल्लीतला काँक्रीटचा रस्ता मार्चच्या शेवटच्या आठवड्यात झाला. रात्री दिवे लावून काम चालले होते. पहाटे कधीतरी मिक्सरचा आवाज थांबला आणि सकाळी दार उघडले तर दारापुढची खालची पायरी नाहीशी झालेली. जुना रस्ता न उकरता त्यावरच नवा ओतला होता. मे महिन्यात पाइपलाइनचे लोक आले. त्यांनी त्याच रस्त्याच्या मधोमध कटरने दोन रेघा मारल्या, चर खणला, पाइप टाकला आणि माती लोटून गेले. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पाणी शेजारच्या आजींच्या उंबऱ्याच्या आत आले. त्यांनी दोन पोत्यांत माती भरून दाराशी आडवी लावली. त्या सबंध उन्हाळ्यात गल्लीत निविदेशिवाय झालेले काम तेवढे एकच.

या सगळ्यात कुणीही एकही नियम मोडलेला नाही, आणि नागरिक म्हणून मला या गोष्टीचा आदर वाटतो. रस्त्याला तांत्रिक मान्यता होती, प्रशासकीय मान्यता होती. निविदा निघाली, सर्वांत कमी दराची मंजूर झाली, कार्यारंभ आदेश दिला गेला, मोजमाप पुस्तिकेत लांबी, रुंदी आणि जाडी नोंदवली गेली, बिल निघाले. पाइपलाइनचेही तसेच झाले. दोन्ही फायली आपापल्या जागी पूर्ण आहेत. त्या एकमेकींना भेटल्या नाहीत इतकेच. आणि दोन फायलींची भेट घडवून आणावी अशी तरतूद कोणत्या अंदाजपत्रकात असते?

शिरूर असो वा दौंड, घोडनदीकाठचे गाव असो वा भीमेकाठचे, नगरपरिषदांचा कारभार 1965 च्या एकाच कायद्याने चालतो आणि ठेक्याची वाटही एकच आहे. त्या वाटेवरचे सर्वांत सुंदर कलम म्हणजे दोषदायित्व कालावधी. काम पूर्ण झाल्यावर ठरलेल्या मुदतीत रस्ता उखडला, तर ठेकेदाराने तो स्वखर्चाने दुरुस्त करून द्यायचा. तोवर त्याची सुरक्षा ठेव नगरपरिषदेकडे राहते. इतके नागरिकाच्या बाजूचे कलम शोधून सापडणार नाही. म्हणूनच बहुधा ते जपून ठेवले जाते. रस्ता खचल्याचे सांगितले की पहिला ठेकेदार म्हणतो, माझ्या कामानंतर दुसऱ्याने खोदले. दुसरा म्हणतो, माझ्या कामात पाइप होता, काँक्रीट नव्हते. दोघेही खरे बोलतात. मग त्या चरासाठी तिसरी निविदा निघते, तिला नाव मिळते ‘रस्ता दुरुस्ती’, आणि आपण तिघांचेही पैसे भरतो. जबाबदारीची इतकी समान वाटणी की कुणाच्याच वाट्याला ती येत नाही. ही साधी गोष्ट नव्हे.

कमी दराचेही कौतुक व्हायला हवे. शासनाची दरसूची असते, तिच्यावरून अभियंता अंदाजपत्रक करतो. म्हणजे वाळू, सिमेंट, खडी, मजुरी यांना साधारण किती लागेल हे सरकारलाच ठाऊक असते. त्याच्या वीस-पंचवीस टक्के खाली दर भरणारा ठेकेदार भेटला, की तिजोरीचे पैसे वाचले म्हणून सगळ्यांना समाधान वाटते. तेवढे पैसे नेमके कशातून वाचले, हे विचारण्याची पद्धत नाही. सिमेंटच्या पोत्याचा भाव निविदा पाहून उतरत नाही आणि डिझेलही नाही. उतरण्यासारखी जागा एकच उरते: रस्त्याची जाडी. ती वरून दिसत नाही. शासनाने फार खालच्या दरासाठी जादा सुरक्षा ठेव मागण्याचा नियम केला, म्हणजे ही शंका शासनालाही येऊन गेलेली आहे.

सफाईचे ठेके तर याहून प्रगत आहेत. घंटागाडीच्या मागे लटकून जाणारा, ओला कचरा हाताने वेगळा करणारा माणूस पाहा. ठेकेदार बदलतो, जॅकेटच्या पाठीवरचे नाव बदलते. गल्ली तीच, झाडू तोच, माणूसही तोच. फक्त त्याची नोकरी दर ठेक्याला नव्याने सुरू होते, त्यामुळे तो कितीही वर्षे राबला तरी जुना होत नाही. 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यात लिहिले होते की ठेकेदाराने पगार दिला नाही तर तो मूळ मालकाने, म्हणजे काम सोपवणाऱ्या संस्थेने द्यायचा. मुंबई महापालिकेने यावरही तोड काढली होती. कचरा उचलणाऱ्यांना कामगार म्हणायचेच नाही, स्वयंसेवक म्हणायचे. त्यांच्या हातात पडेल त्याला पगार नव्हे, मानधन म्हणायचे. कचरा वाहतूक श्रमिक संघ वर्षानुवर्षे न्यायालयात लढला, तेव्हा 2017 साली सर्वोच्च न्यायालयातून 2,700 कामगारांना कायम करण्याच्या निर्णयावर शिक्कामोर्तब झाले. रोज पहाटे मुंबईचा कचरा उचलणारी माणसे मुंबई महापालिकेचीच आहेत, हे ठरायला एवढा काळ लागला. छोट्या गावातल्या घंटागाडीवाल्याकडे ना संघटना आहे, ना एवढा काळ.

मधल्या वर्षांत आणखी एक सोय झाली होती. शिरूर आणि दौंड या दोन्ही नगरपरिषदांच्या निवडणुका डिसेंबर 2016 मध्ये झाल्या, त्यानंतरच्या थेट डिसेंबर 2025 मध्ये. घटनेच्या 74 व्या दुरुस्तीने पाच वर्षांची मुदत संपण्याआधी निवडणूक घ्यायची असे सांगितले आहे. राज्यभर ती आरक्षणाच्या खटल्यात अडकली आणि अखेर मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. तोवर चार वर्षे कारभार प्रशासकाचा. ठराव मांडणारा, त्यावर चर्चा करणारा आणि तो मंजूर करणारा एकच असला की सभा शांततेत पार पडते. ‘हा रस्ता मागच्याच वर्षी झाला होता ना?’ असे उभे राहून विचारणारा एखादा आडमुठा नगरसेवक सभागृहात नसतो. आता तो परत आला आहे. त्याने हा प्रश्न विचारावा, नाहीतर त्या शांततेत आणि या सभेत फरक राहणार नाही.

ठेक्याची ही परंपरा आपल्या जिल्ह्यात नवी नाही. दौंडला 1858 मध्ये आगगाडी आली तेव्हा तिकडे बोरघाटातले काम ठेक्यावरच चालले होते. फेव्हिएल नावाचा ठेकेदार होता. मजुरी थकली म्हणून 1859 च्या सुरुवातीला मजुरांनी दंगा केला आणि त्याच वर्षी फेव्हिएलने ठेका सोडला. पुढचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल इथे उतरल्यावर काही दिवसांतच आजाराने गेला. त्याची पत्नी अॅलिस हिने ठेका स्वतःकडे घेतला आणि आपल्या व्यवस्थापकांकडून काम पुरे करून घेतले. 1863 मध्ये घाट खुला झाला. चार वर्षांनी घाटातला एक दगडी पूल कोसळला. दगडकाम निकृष्ट होते, आणि मग रेल्वेला बाकीची बांधकामेही तपासावी लागली.

ते काही रामराज्य नव्हते. त्या घाटात रोगराईने आणि अपघातांनी किती मजूर मेले याची तर धड मोजदादही नाही. तरीही दीडशेहून अधिक वर्षांनी ठेका कुणी घेतला, कुणी सोडला, कुणाच्या काळात काय पडले हे आपण नावानिशी सांगू शकतो. आमच्या गल्लीतल्या रस्त्याला अजून दोन वर्षे झालेली नाहीत. तो कुणी केला, हे गल्लीतल्या एकालाही सांगता येत नाही. कामाच्या जागी फलक लावायचा असतो. कामाचे नाव, रक्कम, ठेकेदार, मुदत, दोषदायित्वाचा काळ. फलक लागला होता. फोटो काढून झाल्यावर तो पुढच्या कामावर गेला.

15 जून 2025 रोजी आपल्याच जिल्ह्यात, मावळातल्या कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल माणसांसकट कोसळला. चार जीव गेले. त्या जागी नवा पूल मंजूर झालेला होता. काम सुरू व्हायचे होते. मंजुरीचा कागद आणि कामाचा पहिला खड्डा यांच्यामध्ये जी जागा असते, तिथे माणसे मरतात. इथे माझ्याकडचे कौतुकाचे शब्द संपतात.

म्हणून शिरूर-दौंडच्या वाचकांना एकच सांगायचे आहे. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यात ‘माहितीचा अधिकार’ या शब्दांची जी व्याख्या आहे, ती फक्त कागदांपुरती नाही. चालू कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचा प्रमाणित नमुना मागण्याचा अधिकारही तिच्यात आहे. आपल्या दारातल्या रस्त्याची मोजमाप पुस्तिका मागा, त्यात लिहिलेली जाडी पाहा, आणि त्याच रस्त्याच्या काँक्रीटचा नमुना मागा. दोषदायित्वाची तारीख विचारून घराच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. ती उलटण्याआधी खड्डा दाखवून लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. घंटागाडीवरच्या माणसाला पगार कोणत्या तारखेला झाला तेही विचारा. माहितीच्या अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो आणि उत्तर तीस दिवसांत द्यावे लागते.