फाइव्ह-नाईन काका

फाइव्ह-नाईन काकांना समोरच्या ब्लॉकमध्ये कोण राहायला आलंय याचा पत्ता नसतो. व्लादिवोस्तोकला आज पाऊस आहे हे मात्र पक्कं ठाऊक असतं. डोंबिवलीपासून सांगलीपर्यंत कुठेही शोधा, असे एखादे काका सापडतात. एका सोसायटीत दोन मात्र नांदत नाहीत. एकाने बटण दाबलं की दुसऱ्याचा रेडिओ बहिरा होतो आणि शेवटी दोघांपैकी एक जण घर विकायला काढतो.

काका हॅम आहेत, म्हणजे हौशी रेडिओवाले. सरकारी परीक्षा देऊन, मोर्सचं डा-डिट घोकून मिळवलेला परवाना देवघराशेजारी फ्रेम करून लावलेला आहे. त्यावर व्हीयूने सुरू होणारं कॉलसाइन आहे आणि काका स्वतःच्या नावापेक्षा त्यालाच चटकन ओ देतात. व्हीयू2आरजी म्हणजे राजीव गांधी आणि जेवाय1 म्हणजे जॉर्डनचे राजे हुसेन, ही माहिती पाहुण्याला चहाच्या आधी मिळते. चहा काकूंच्या सवडीने. गॅस एजन्सीला फोनवर स्पेलिंग सांगताना काका ‘हॉटेल, इंडिया’ म्हणतात आणि पलीकडची मुलगी विचारते, “सर, रूम किती दिवसांसाठी?”

हॅमांच्या रिवाजात कोणाशीही संपर्क झाला की त्याचा आवाज कसा येतो ते आधी आकड्यांत सांगायचं. कळण्याला पाचपैकी, जोराला नऊपैकी. काका सगळ्यांना पैकीच्या पैकी देऊन टाकतात. “यू आर फाइव्ह-नाईन! एकदम क्लिअर! नाव काय म्हणालात? परत सांगा. आणखी एकदा?” इतका उदार परीक्षक बोर्डालाही मिळाला नसेल.

मग गप्पा. नाव, गाव, रेडिओ कुठला, अँटेना कुठली, हवा कशी. शेवटी सेव्हंटी-थ्री, म्हणजे लोभ असावा. महिन्या-दोन महिन्यांनी पोचपावतीचं क्यूएसएल कार्ड टपालाने येतं आणि बिस्किटांच्या डब्यात जमा होतं. काकूंना यातलं काहीच पटत नाही. “एवढ्या लांबचा माणूस सापडला, त्याला विचारायचं काय, तर तार किती फूट? मुलंबाळं काय करतात, घरी कोण असतं, काही नाही!” काकांचं म्हणणं, समुद्रापलीकडे आवाज पोचला यातच सगळं आलं, पुढचं बोलणं ही निव्वळ औपचारिकता. तीस वर्षांच्या सहवासात काकूंनी त्या शास्त्रातला एकच शब्द उचललाय. काकांनी आतून चहा मागितला की त्या स्वयंपाकघरातून सांगतात, “क्यूआरएक्स!” म्हणजे थांबा.

तार खरोखरच लांब आहे. सात मेगाहर्ट्झवर बोलायचं तर साधा डायपोलसुद्धा वीस मीटरचा लागतो. तो गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून निवृत्त दूरदर्शन अँटेनाच्या खांबापर्यंत ताणलेला आहे आणि उन्हाळ्यात त्याच्या छायेखाली कुरडया वाळतात. सोसायटीच्या वार्षिक सभेत ऐनवेळच्या विषयांत ही तार दरवर्षी निघते. लिफ्ट अडकली, तार. कुणाला मायग्रेन झालं, तार. कबुतरं वाढली, तरीही तार. काका उत्तरादाखल 1993चा किल्लारीचा भूकंप आणि 2004ची अंदमानातली त्सुनामी सांगतात. टेलिफोन मुके झाले तेव्हा निरोप कोणी पोचवले? हॅमांनी. हे अगदी खरं आहे आणि त्यापुढे सेक्रेटरीचं काही चालत नाही. पुढल्या आपत्तीपर्यंत तार राहू द्यावी, असा ठराव होतो.

लॅमिंग्टन रोडवरून हुडकून आणलेल्या सुट्या भागांनी बाल्कनीचा अर्धा भाग व्यापलाय. उरलेल्या अर्ध्यात लोणच्याच्या बरण्या. रेडिओ लागला तर श्रेय काकांचं, नाही लागला तर दोष सूर्याचा. सूर्यावरचे डाग साधारण अकरा वर्षांच्या फेऱ्याने वाढतात-घटतात आणि डाग वाढले की दूरवरचे संदेश झकास येतात. दुसऱ्याच्या चारित्र्यावरचे डाग बघून खूश होणारी माणसं पुष्कळ; सूर्यावरचे मोजून पेढे वाटणारे हे एकटेच.

काकांचा खरा सण मात्र ऑक्टोबरचा तिसरा शनिवार-रविवार. 1957 साली इंग्लंडात सटन कोल्डफिल्डला स्काउटांची जागतिक जांबोरी भरली होती. तिथे भेटलेल्या हॅम मंडळींना पुन्हा भेटायचं तर होतं, पण खिशात बोटीचं भाडं नव्हतं. मग हवेतच भेटू, असं ठरलं. लेस मिचेल नावाच्या हॅमने ते मनावर घेतलं आणि 1958च्या मे महिन्यात पहिली ‘जांबोरी ऑन द एअर’ झाली. “नशीबवान माणूस!” काका उसासतात. “तेव्हा सूर्यावर डागच डाग होते!” पुढे ही जत्रा ऑक्टोबरात गेली, नव्वदच्या दशकात तिला इंटरनेटवरची धाकटी बहीण झाली आणि आता दीडशेहून जास्त देशांतली मुलं त्या दोन दिवसांत एकमेकांना हाका मारतात.

आपल्याकडे नेमकी तेव्हाच एक तर सहामाही परीक्षा असते, नाही तर दिवाळीची खरेदी. तरीही गळ्यात स्काउट-गाइडचे स्कार्फ घातलेली पंधरा-वीस पोरं काकांच्या घरी थडकतात. चपलांचा ढीग जिन्यापर्यंत. काकूंनी फराळाचा पहिला घाणा काढलेला असतो आणि पोरांची प्राथमिक निष्ठा तिकडेच असते. काका फळ्यावर लिहून देतात : आपलं नाव, गाव, शाळा, ‘ओव्हर’. परवाना त्यांच्या नावावर असल्याने बटणाची राखण ते स्वतः करतात. मग “सीक्यू जांबोरी, सीक्यू जांबोरी” सुरू होतं; सीक्यू म्हणजे सगळ्यांना घातलेली साद. तासभर खरखर. शेजाऱ्यांनी आकाशकंदिलाला स्वस्तातली एलईडी माळ लावलेली असते, तीही बँडवर अखंड भजन करते. अखेर ऑस्ट्रेलियातून कोणीतरी ओ देतं, माइक पुढे येतो आणि इतका वेळ घर डोक्यावर घेणारा मुलगा “हॅलो” म्हणून दगड होतो. “यू आर फाइव्ह-नाईन,” काका त्याच्या वतीने सांगतात.

तोवर खाटेवर बसलेल्या मुलींनी मोबाईलवर ब्राझील, तैवान आणि पोलंड केव्हाच उरकलेलं असतं. ऑनलाइन जांबोरीत आपला पत्ता-फोन द्यायचा नाही हे त्यांना आधी शिकवलेलं असतं. प्रत्येकाला एक सांकेतिक क्रमांक असतो आणि तो एकमेकांना द्यायचा. मुली हे क्रमांक सासरच्या आहेरासारखे मोजून ठेवतात. ब्राझीलच्या मुलीकडे मांजर आहे, तिचा भाऊ नापास झालाय, तिला गुलाबजामची कृती हवीय. काकूंचा जीव तिथे रमतो. झारा हातात धरून त्या पाकाचं प्रमाण सांगतात आणि एक मुलगी ते टाइप करते. काकांना हा प्रकार बघवत नाही. “यात कसब काय? मध्ये केबल, सर्व्हर, कंपन्या! माझ्या आणि ऑस्ट्रेलियाच्या मध्ये फक्त आयनोस्फिअर!” मुली मान डोलावतात आणि तैवानला हसरा चेहरा पाठवतात.

संध्याकाळ होते. उन्हं कलताना सात मेगाहर्ट्झ युरोपच्या दिशेने उघडतो, ही काकांची पर्वणी. ते फिनलंडसाठी कान टवकारतात आणि ओ येते इचलकरंजीहून. काकांचा चेहरा उतरतो. अहो, सीक्यू साऱ्या जगाला घातली होती! तिकडच्या काकांचाही सूर काही वेगळा नसतो. दोघे एकमेकांना फाइव्ह-नाईन देऊन आवरतं घेणार, एवढ्यात तिकडून एका मुलाचा आवाज येतो, “तुमची सहामाही झाली का? ओव्हर.”

दगड झालेला मुलगा एकदम जिवंत होतो. झाली. तुमची? आमची सोमवारपासून. गणित अवघड होतं का? सहावा प्रश्न बाहेरचाच होता. आमच्या सरांनी तोच करून घेतलाय! ओव्हर. खाटेवरच्या मुली ब्राझीलला वाऱ्यावर सोडून धावतात. फराळाची ताटं तशीच. काकू झारा घेऊन दारात उभ्या, आणि ‘ओव्हर’ म्हणायला आता फळा लागत नाही. फक्त बटण दाबून दाबून काकांचा अंगठा दुखायला लागलेला असतो.

तेवढ्यात खरखरीच्या तळातून बारीकसा आवाज येतो. ओएचने सुरू होणारं कॉलसाइन. फिनलंड! काकांचे हात थरथरतात. ते माइककडे झेपावतात, पण माइक मुलाच्या घट्ट मुठीत असतो.

“काका, त्यांना क्यूआरएक्स सांगा ना! अजून विज्ञान राहिलंय.”