पिवळी नात आणि काळा पडदा : एक निदान

तीर्थरूप आप्पा व तीर्थरूप सौ. आई यांच्या चरणी स्टुटगार्ट येथील समस्त कुटुंबाचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

संगणक बंद पडला असे घरात म्हटले जाते तेव्हा पुष्कळदा संगणक बंद पडलेला नसतो. त्याचे काम डोळ्यांना दाखविणारा मॉनिटर तेवढा आंधळा झालेला असतो, आणि हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे धडधाकट यंत्राची चिरफाड होते. मंगळवारी रत्नागिरीहून आलेल्या फोनवरून घरच्या संगणकावरही तीच वेळ येऊ घातलेली दिसते. हार्डवेअरवाल्याने दुकानातून न उठताच 'बोर्ड उडाला' असे सांगितले असून, मदरबोर्ड, म्हणजे संगणकाचे सारे अवयव ज्या पाटीवर बसविलेले असतात ती पाटी, नवी घालण्यासाठी साडेसहा हजार रुपये मागितले आहेत. हे पत्र वाचून होईपर्यंत ते देऊ नयेत.

मागील पत्र आप्पांनी तांबड्या शाईने तपासून, 'एकोणीस चुका, प्रथमपुरुषी सर्वनामांचा सुळसुळाट, पुन्हा लिहा' असा शेरा मारून, कुळथाच्या पिठाच्या पिशवीतून परत पाठविले होते. त्यामुळे प्रस्तुत पत्र ग्रंथाच्या भाषेत लिहिले जात आहे. ते बंडूच्या फोनवर पाठविण्यात येईल. त्याने ते छापून आणून द्यावे व वाचू नये, कारण पुढे त्याच्याविषयीही मजकूर आहे.

निदानाचा पहिला नियम असा की, काय बंद आहे याआधी काय चालू आहे ते पाहावे. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलच्या वेळी रत्नागिरीचा पडदा काळा होता, परंतु आवाज दोन्हीकडे पोचत होता आणि कॅमेराही चालू होता. मदरबोर्ड उडालेला असता, किंवा यंत्राच्या तात्पुरत्या स्मृतीची पट्टी, जिला रॅम म्हणतात, ती हलली असती, तर यंत्र सुरूच झाले नसते. फार तर आतून 'पीप पीप' ऐकू आले असते. एसएमपीएस, म्हणजे घरातील २३० व्होल्टची वीज उतरवून यंत्राला पुरविणारी पेटी, गेली असती तर पंखाही फिरला नसता. तेव्हा बाजूची पेटी, जिला घरात सीपीयू म्हणतात व जिच्यावर उबेसाठी आई आमसुले वाळत घालते, ती निर्दोष आहे. (आमसुले मात्र तेथून काढावीत. वरची भोके बुजली की आतील उष्णता कोंडते, आणि एका मर्यादेपलीकडे प्रोसेसर जळू नये म्हणून यंत्र आपण होऊन बंद होते. एप्रिलमध्ये दोनदा घडले ते हेच. त्याचे खापर महावितरणावर फोडण्यात आले होते.)

खरा पुरावा मात्र काळ्या पडद्यापूर्वीच्या पिवळ्या पडद्यात आहे. जूनपासून नात चि. रमा आजीला पिवळी दिसू लागली. आजीने त्यावरून कावीळ ठरविली, तेलकट बंद करण्याचे फोनवरून फर्मान काढले, आणि सुट्टीहून परतणाऱ्या जोशांच्या मुलाच्या बॅगेतून एक बिननावाची पुडी धाडली, तिच्यावर 'अनशापोटी' एवढाच मजकूर होता. येथील डॉक्टरांनी मुलीला तपासून निरोगी ठरविले, ते 'त्यांना कावीळ काय कळते' या एका वाक्याने रद्द झाले. वस्तुतः त्याच पडद्यावर मागची भिंत पिवळी होती, सूनबाईंचा पांढरा सदरा पिवळा होता आणि आप्पांच्या देवस्थानच्या हिशेबाचा कोरा कागदही पिवळाच होता. कावीळ कागदाला होत नाही.

याचे कारण व्हीजीए केबलमध्ये सापडते. आयबीएमने १९८७ साली, म्हणजे कुसुमआत्यांच्या लग्नाच्या वर्षी, आणलेल्या या जोडणीत तांबडा, हिरवा व निळा हे तीन रंग तीन वेगळ्या तारांतून पडद्यापर्यंत जातात आणि तेथे त्यांच्या मिश्रणातून बाकीचे सारे रंग सिद्ध होतात. निळ्याची तार सुटली की पांढऱ्यातून निळा वजा होऊन पिवळा उरतो. तांबडी सुटली तर चित्र निळसर-हिरवे होते. हिरवी सुटली तर सारे घर जांभूळ खाल्ल्यासारखे दिसते. म्हणजे महिनाभर निळी तार ढिली होती, आणि शेवटी केबल इतकी सरकली की चित्राची ओळ कोठे सुरू करावी हे पडद्याला सांगणारे संकेतही तुटले व पडदा काळा झाला. ती का सरकली, हे दर शनिवारी मॉनिटर उचलून खालचा क्रोशाचा रुमाल झटकणाऱ्या व्यक्तीस ठाऊक असावे.

येथे लेखनात खंड पडला, कारण या आठवड्यात दारावर 'केअरवोखे'ची पाटी लटकली आहे. केअरवोखे म्हणजे इमारतीचा जिना झाडण्या-पुसण्याची पाळी. ती या श्वाबेन मुलखात आळीपाळीने प्रत्येक बिऱ्हाडाकडे येते आणि तळमजल्यावरील आजीबाई तिची तपासणी आप्पांच्या तांबड्या शाईइतक्याच निष्ठेने करतात.

पडद्यांचा विषय निघालाच आहे तर येथील एका शुल्काची नोंद केल्यावाचून पुढे जाता येत नाही. 'रुंडफुंकबायट्राग' म्हणजे सार्वजनिक नभोवाणी व दूरचित्रवाणी यांच्यासाठीचे शुल्क. ते दरमहा १८.३६ युरो, म्हणजे वर्षाला २२०.३२ युरो, इतके असून २०१३ पासून प्रत्येक घरामागे आकारले जाते. पूर्वी ते उपकरणावर होते, म्हणून ज्याच्याकडे उपकरण नाही तो सुटत असे. आता घर आहे एवढे पुरते. स्टुटगार्टच्या कुटुंबाकडे दूरचित्रवाणी संच नाही, तसे सविनय कळविण्यात आले, आणि संच असणे अथवा नसणे याचा शुल्काशी संबंध नाही असे तितकेच सविनय उत्तर आले. पडदा काळा असो, पिवळा असो वा मुळात नसो, रक्कम तीच.

नाना असते तर त्यांनी या प्रसंगी आनंदाने मांडी थोपटली असती. रेडिओच्या परवान्याचा तपासनीस आला की नानांचा मर्फी रेडिओ कणगीत जात असे, आणि एका वर्षी तो कणगीतच बातम्या देऊ लागला, ही कथा रमाला जर्मन भाषेतही सांगून झाली आहे. अडचण एवढीच की, येथे कणगीत लपवायचे झाल्यास सबंध घरच लपवावे लागेल.

आता तेथील वार्तांविषयी. कुसुमआत्यांच्या कुंपणातील माडाचे नारळ कोणाचे, हा प्रश्न आप्पांनी सोडून द्यावा; माड त्यांच्या बाजूला झुकला आहे आणि आप्पांच्या बाजूला केवळ त्याची सावली पडते. बंडूचे जमले, हे ऐकून संतोष झाला. मुलीने त्याचे गाणे ऐकले आहे काय, याचा खुलासा झालेला नाही. धाकट्या काकूंनी पाटा-वरवंटा विकायला काढला असल्यास तो कोणत्याही किमतीस घेऊन ठेवावा. विमानातून नेण्याचे वजन नंतर पाहता येईल.

मूळ विषयाकडे वळून कृतीचा क्रम सांगणे आवश्यक आहे. मॉनिटरखालचा दिवा पाहावा : तो अजिबात नसल्यास वीज पोचत नाही, नारिंगी असल्यास, बहुतेक मॉनिटरांत, वीज आहे पण चित्राचा संकेत नाही, निळा किंवा हिरवा असूनही पडदा काळा असल्यास अंधारात पडद्यावर तिरपी बॅटरी मारावी, कारण चित्र पुसट दिसले तर मागचा उजेड तेवढा गेला असे समजते. दिवा नारिंगीच असेल, असा येथील अंदाज आहे. दोन्ही यंत्रे बंद करून केबलचे निळे टोक बाहेर काढावे, पिना वाकल्या नाहीत ना ते पाहावे, सरळ परत बसवावे आणि दोन्ही बाजूंचे स्क्रू हाताने आवळावेत. ते आजवर एकदाही आवळलेले नाहीत. आप्पा पिना मोजतील व पंधराऐवजी चौदा भरल्या म्हणून दुकानदाराशी भांडतील. परंतु नववी पिन अनेक केबलींत मुळातच नसते. पिन वाकलीच असेल तर नवी केबल आणावी. बोर्डाच्या किमतीत अशा केबलींचा भारा येईल.

गेल्या रविवारविषयी एक गोष्ट फोनवर सांगितली गेली नाही. रत्नागिरीकरांना येथले कोणी दिसत नव्हते, पण येथून ते दोघेही दिसत होते. आई पदराने काळा पडदा पुसत होती, आप्पा चष्मा काढून, पुन्हा लावून अगदी जवळ येत होते, आणि मागे कौलांवर पाऊस वाजत होता. येथे कोणीही 'चित्र दिसते आहे' असे म्हणाले नाही. अकरा मिनिटे सगळे नुसते पाहत बसले. एरवी आप्पा कॅमेरा आढ्याकडे वळवून बसतात व येथे आढ्याचे वासे मोजावे लागतात.

तेव्हा येत्या रविवारी येथील दुपारी दोन वाजता, म्हणजे तेथील साडेपाचला, चहा झाल्यावर यंत्र सुरू करावे. केबल आवळावी, आमसुले उतरवावीत. कॅमेरा मात्र आहे तसाच ठेवावा.