पावणेएकोणसाठ सेकंदांचे स्वातंत्र्य

शपथविधी म्हटला की आपल्याला राजभवन, फेटे आणि खातेवाटपावरून चाललेले रुसवेफुगवे आठवतात. शपथ पाळलीही पाहिजे, असा हट्ट कोणी धरत नाही. हरियाणातल्या मानेसरच्या अमेझॉन गोदामाने मात्र तो धरला. 2024 च्या मे महिन्यात, ऐन उन्हाळ्यात, तिथल्या कामगारांना शपथ दिल्याची बातमी आली: 24 फुटी सहा ट्रक रिकामे होईपर्यंत पाणी प्यायला जाणार नाही, लघवीला जाणार नाही. बातमीतल्या कामगाराचा पगार महिना 10,088 रुपये. पूर्वी एवढ्या तपाने इंद्राचे आसन डळमळे आणि तो अप्सरा धाडी. इथे मानवाधिकार आयोगाने केंद्रीय कामगार मंत्रालयाला नोटीस धाडली. कंपनीने हा अपवादात्मक प्रकार असल्याचे सांगितले.

शपथेत एक खोट असतेच, तहानेपुढे ती मोडू शकते. म्हणून प्रगत देश शपथेवर विसंबत नाहीत, हातात स्कॅनर देतात. फ्रान्समधल्या अमेझॉनच्या गोदामांत हा स्कॅनर मोठा चोखंदळ निघाला. एक वस्तू स्कॅन केल्यावर सव्वा सेकंदाच्या आत दुसरी केली, तर घाईची नोंद. दहा मिनिटे किंवा जास्त थांबला, तर रिकामटेकडेपणाची नोंद. एक ते दहा मिनिटे थांबला, तर त्याचीही वेगळी नोंद. हिशेब सोपा आहे. सव्वा सेकंदाच्या पुढे आणि मिनिटाच्या आत जी पावणेएकोणसाठ सेकंदे उरतात, त्यांत माणसाने हवे तसे जगावे. कंबर धरली असेल, तर तिनेही तेवढ्यात सुटावे. वाकण्याला, उचलण्याला आणि गुडघ्यांना बारकोड नसतो, त्यामुळे त्यांची नोंद होण्याचा प्रश्नच नाही.

हे स्वातंत्र्य तिथल्या माहिती-संरक्षण आयोगाला अपुरे वाटले. डिसेंबर 2023 मध्ये त्याने 3 कोटी 20 लाख युरोंचा दंड ठोठावला.

कंपनीला माणसाच्या मनाची काळजी नाही, असे मात्र म्हणू नये. 2021 मध्ये अमेरिकेतल्या गोदामांसाठी तिने टेलिफोन बूथएवढी ध्यानाची खोली काढली. लोकांनी टवाळी केल्यावर तिचा व्हिडिओ तेवढा गायब झाला. कॅलिफोर्नियाचे सरकार याहून अरसिक. तिथे 1 जानेवारी 2022 पासून कायदाच आहे, की कामाच्या कोट्यापायी कामगाराचे जेवण आणि लघवी अडवता येणार नाही. चंद्रावर माणूस उतरवणाऱ्या देशात त्याला मुतारीपर्यंत पोहोचवायला विधिमंडळ लागले!

आम्हा गिऱ्हाइकांचे म्हणणे एवढेच, की या भानगडीत आमची कोथिंबीर अडू नये. ती दहा मिनिटांत घरपोच येते, म्हणून तर आम्ही कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींना सोडले. अकराव्या मिनिटाला आम्ही तक्रार करतो आणि एकच तारा देतो. कामगाराला पाणी प्यायला दहा मिनिटे मिळावीत, या मागणीला आमचा जाहीर पाठिंबा आहे. फक्त ती दहा मिनिटे आमच्या दहातली नसावीत.